समुद्र पश्चिमेलाच असतो

बाईंच्या वरच्या खोलीत मी अकरा महिने भाडेकरू होतो, आणि एवढ्या दिवसांत त्या बसलेल्या मला एकदाच दिसल्या.

चहा उभ्याने, जेवण ओट्याशी उभ्याने. पेपर वाचायचा तो पडवीत येरझाऱ्या घालत, एका पानाला चार फेऱ्या. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, तोही म्हणे बाकांच्या मधून चालत. पाहुणा आला की त्याला बसवायचं आणि आपण त्याच्याभोवती फिरत बोलायचं. त्यामुळे पाहुण्याची मान अवघडायची आणि पाहुणे फार वेळ टिकत नसत. "बसलं की नको ते आठवतं," असं त्या सांगायच्या. मला वाटायचं, गुडघे धरू नयेत म्हणून चालत असतील. दुसऱ्या माणसाबद्दल आपण किती पटकन कारण ठरवून मोकळे होतो!

मीही काही स्वस्थ माणूस नव्हतो. मी सांगलीकडचा. समुद्र म्हणजे शाळेची सहल, एवढाच आमचा संबंध. बँकेने रत्नागिरीला बदली केली आणि रुजू झालो त्याच दिवशी मी परतीच्या बदलीचा अर्ज टाकला. तेव्हापासून दिवसातून दहादा मोबाइल काढून मेल बघायचो. रविवारी काय करावं सुचायचं नाही. भाट्याच्या पुलापर्यंत जायचं, पाणी बघायचं, परत यायचं. थोडक्यात, त्या चिऱ्याच्या घरात वर एक आणि खाली एक अशी दोन माणसं होती आणि दोघांच्याही पायाला भिंगरी.

पहिल्याच सकाळी, साडेसहाच्या सुमाराला, मी दात घासत होतो आणि खालून बाईंचा आवाज आला.

"ए! कोण आहे तिथे? हात दिसू देत आधी! एक पाऊल पुढे टाकलंस तर बघ हां, सांगून ठेवत्येय!"

चोर शिरला म्हणून मी ब्रश तोंडात तसाच ठेवून जिना उतरलो. बाहेरच्या खोलीत बाई सोफ्याभोवती उलट्या पावली चालत होत्या. पांढऱ्या केसांचा अंबाडा, खोचलेला पदर, हातात व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. आणि टीव्हीवर, धुक्यातून, तोंड नसलेलं एक लांबलचक माणूस बाहेर येत होतं.

तोंडातला फेस गिळून मी ओरडलो, "बाई, पळा! डावीकडे पळा!"

"डावीकडे म्हणजे?" त्या मागे न बघता म्हणाल्या. "दिशा सांगा."

तेवढ्यात त्या लांबलचक माणसाने काम उरकलं आणि पडदा काळा झाला.

हा खेळ मला चांगला ठाऊक होता. कॉलेजपासून मी ती मालिका खेळत आलोय. परदेशातलं धुक्यात बुडालेलं एक बंदर, तिथल्या माणसांची झालेली भुतं, आणि बंदूक घेतलेला एक पोलीस अधिकारी. गोळ्या कमी, औषधं कमी, जीव वाचवत कसंबसं टिकून राहायचं. असे सहा भाग आले. बाई खेळत होत्या तो मात्र त्या सहांतला नव्हता, मालिकेला बाजूने फुटलेली ती फांदी होती. गाव तेच, धुकं तेच, पण खेळणाऱ्याच्या वाट्याला येते ती घरोघरी जाऊन नळाचे मीटर वाचणारी पन्नाशीची एक बाई. बंदूक नाही. एक बॅटरी, किल्ल्यांचा जुडगा आणि नोंदवही. भूत आलं की लपायचं, नाहीतर पळायचं. आम्हा जुन्या खेळणाऱ्यांमध्ये या भागाला अजिबात मान नव्हता. मीसुद्धा तो घाईघाईत संपवून बाजूला टाकला होता.

"बाई, हा काही खरा भाग नाही," मी पहिल्याच दिवशी शहाणपणा केला. "मूळ मालिका वेगळी. हे आपलं जोडकाम."

बाई चालता चालता थांबल्या. "मागाहून झालेलं मूल खोटं असतं काय ओ?" त्यांनी विचारलं. "आणि ही बाई कामाची आहे. वही घेऊन दारोदार जात्येय. तुमचा तो बंदूकवाला काय करतो? गोळ्या आहेत तोवर शूर!"

मी तोंड धुवायला वर गेलो.

असले खेळ कसे खेळायचे याचा आमच्यात एक शिरस्ता आहे. अंधार करायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि मनसोक्त घाबरायचं. बाई खेळायच्या सकाळी, सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून. टीव्हीवर उन्हाची तिरीप, बाहेर कावळे, मधेच कुकरची शिट्टी. "भीती उजेडात बघावी," त्यांचं म्हणणं. "म्हणजे ती कुठे उसवल्येय ते दिसतं." भुतांना त्या वर्गातल्या मुलींना द्यावा तसा दम द्यायच्या. आणि भीती फारच झाली की मागे सरकायच्या. एकदा सरकता सरकता उंबरा ओलांडून अंगणात गेल्या आणि खिडकीच्या गजांतून टीव्हीकडे बघत बाहेरूनच बटणं दाबत राहिल्या. दूधवाल्याने ते पाहिलं. तो दुधाची पिशवी अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवून मुकाट्याने निघून गेला.

डावं-उजवं हे शब्द त्यांना चालत नसत. मीठ पूर्वेच्या फळीवर, माझी चप्पल जिन्याच्या उत्तरेला, रिक्षावाल्याला "आता दक्षिणेला घ्या हो." रत्नागिरीतले रिक्षावालेही बिचारे घ्यायचे, कारण निम्म्यांच्या बायका बाईंच्या विद्यार्थिनी. त्यामुळे खेळातल्या गावाचा नकाशा नाही म्हटल्यावर बाईंनी तो आलेखाच्या कागदावर काढायला घेतला यात नवल नव्हतं. एक चौकोन म्हणजे मीटरवालीची दहा पावलं. रोज सकाळी तासभर खेळ, मग तासभर नकाशा. घरं, गल्ल्या, विहिरी, भुतांच्या यायच्या जागा लाल शाईने. आणि डाव्या कडेला उभी निळी पट्टी, तिच्यावर लिहिलेलं: समुद्र.

दोनेक महिन्यांनी मी तो नकाशा नीट पाहिला आणि मला हसू आवरेना.

"बाई, सगळा नकाशा उलटा झालाय. या गावाचा समुद्र पूर्वेला आहे."

"समुद्र पश्चिमेला असतो," बाई शांतपणे म्हणाल्या.

"आपल्याकडे. तिथे नाही. धक्क्यावर पाटी आहे बघा, इंग्रजीत स्पष्ट लिहिलंय, पूर्व धक्का."

"पाटी लावणाऱ्याचं चुकलं असेल."

पंधरा दिवस त्यांनी मला दाद दिली नाही. भारताचा पूर्व किनारा पस्तीस वर्षं ज्यांनी मुलींकडून घोकून घेतला, त्या बाईंना स्वतःच्या हाताने समुद्र उजवीकडे काढवत नव्हता. जन्म मंडणगडचा, पहिली नोकरी गुहागरची, मग आयुष्यभर रत्नागिरी. सूर्य पाण्यातच बुडताना पाहिलेला. शेवटी एके सकाळी त्यांनी खेळातल्या सगळ्या पाट्या पुन्हा हिंडून तपासल्या, नकाशाच्या कोपऱ्यात लाल शाईने "दहापैकी शून्य" असं लिहून खाली सही केली आणि नवा कागद घेतला. तो शून्याचा कागदही फाडला नाही. फाईलला लावून ठेवला.

एवढा आटापिटा कशासाठी, हे मला त्याच सुमाराला कळलं. रविवार होता. दर रविवारी दहा वाजता बाईंच्या मुलाचा पुण्याहून फोन यायचा. फोन त्या लांब धरून, स्पीकर लावून, चालता चालता घ्यायच्या, म्हणून जिन्यावरही सगळं ऐकू यायचं. जेवलीस काय, पाऊस-पाणी काय, गॅस आला काय. हे तीन प्रश्न, त्यांची तीन उत्तरं, संपला फोन. त्या दिवशी फोन ठेवल्यावर बाईंनी नेहमीपेक्षा जास्त फेऱ्या मारल्या आणि मग आपणहूनच मला सांगितलं.

यजमान गेले तेव्हा मुलगा सहावीत. त्याला खेळांचं वेड. दहावीच्या वर्षी बाईंनी त्याच्या खेळाचा रिमोट, म्हणजे कंट्रोलरच, तांदळाच्या पिंपात खोल पुरून ठेवला आणि परीक्षा झाल्यावरच परत दिला. तरी पोराने शेवटी पुण्याला जाऊन कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं शिक्षण घेतलं आणि खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. आता कोकणातलं पोर बाहेरगावी कमवायला लागलं की गावात एकच प्रश्न असतो: घर बांधलंन काय? चार वर्षांपूर्वी गणपतीत बाईंचे चुलत दीर दर्शनाला आले. खालच्या आळीचे, आंब्याच्या बागा असलेले. त्यांनी तेच विचारलं.

"आणि मी काय बोलल्ये ठाऊक आहे?" बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "म्हटलं, घर कसलं भाऊजी, भुतं बांधतोय तो. सगळे हसले. मीसुद्धा हसल्ये. तो आरतीचं ताट घेऊन मागेच उभा होता."

दुसऱ्या दिवशी, गणपती घरात असताना, तो पहिल्या गाडीने निघून गेला. फोन करतो, पैसे पाठवतो, पण चार वर्षांत गणपतीला आला नाही. कोकणातल्या आईला याहून मोठी शिक्षा मला माहीत नाही.

मग कधीतरी मारुती मंदिराजवळ एक जुनी विद्यार्थिनी भेटली. ती म्हणाली, बाई, तुमच्या मुलाच्या कंपनीने केलेला खेळ माझा भाऊ खेळतो, त्या परदेशी मालिकेतला. शेवटी सगळ्यांची नावं येतात, त्याचंही असणारच. बाई तशाच दुकानात गेल्या. दुकानदाराने विचारलं, नातवाला काय? म्हणाल्या, नाही, मला.

"शेवटापर्यंत जायचं आणि त्याचं नाव बघायचं," त्या म्हणाल्या. "मग त्याला फोन करायचा. सांगायचं, बघितलं रे."

"अहो, मग एवढे कष्ट कशाला?" मी मोबाइल काढला. "शेवट पाच मिनिटांत दाखवतो. लोकांनी टाकलेला असतो."

"मुलाचं पत्र शेजाऱ्याकडून वाचून घेऊ काय मी?" बाई अशा काही बोलल्या की मी मोबाइल खिशात घातला. "ठेवा तो. मी माझ्या पायांनी जाईन."

वर गेलो आणि नको तो उद्योग केला. माझ्याकडे तो खेळ होता. शेवटचा टप्पा उघडला आणि नावांची यादी बघत बसलो. शेकडो नावं. पुण्याच्या त्या कंपनीचं नाव अगदी खाली, एका ओळीत, नुसतं कंपनीचं. माणसांची नावं नव्हतीच. पुन्हा पाहिली, थांबवत थांबवत पाहिली. बाईंच्या मुलाचं नाव कुठेही नव्हतं.

त्या क्षणापासून माझी झोप उडाली. सांगावं, तर ज्या आशेवर ही बाई पहाटे उठून भुतांना तोंड देतेय ती मी मोडणार. न सांगावं, तर एक दिवस ती त्या यादीपुढे उभी राहणार, वरपासून खालपर्यंत वाचणार, आणि मी बाजूला उभा असणार. मी भित्रा माणूस आहे, हे मला तेव्हा स्वच्छ कळलं. बंदूक हातात असली तर भुतं मारीन. पण एका म्हाताऱ्या बाईला खरं सांगायची वेळ आली तेव्हा मी टाळाटाळ सुरू केली.

रोज सकाळी खालून आवाज यायचा, "बँकवाले, गोदाम पार केलं!" मी मनातल्या मनात तिथल्या भुतांच्या बाजूने झालो. आंब्याच्या दिवसांत लाइट जायला लागली, तेव्हा तर मला बरंच वाटायचं. तो खेळ मीटर वाचून वहीत नोंद केली तरच जपला जातो. त्याआधी लाइट गेली की केलेलं पाण्यात. मे महिन्यात बाईंची तीन दिवसांची वाटचाल अशीच गेली. "हा सगळ्यात मोठा राक्षस," अंधारलेल्या टीव्हीला उद्देशून त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेवटच्या नोंदलेल्या मीटरपासून निघाल्या. कंटाळतील असं मला वाटलं होतं. पण त्यांची ती येरझार थांबायचं लक्षण नव्हतं.

पावसाळ्यात त्या शेवटच्या टप्प्यावर पोचल्या. जलकेंद्राचं दार समोर, किल्ली हातात. आत गेल्या की तासाभराचा खेळ, मग संपलं. ऑफिसला जायच्या कपड्यांत मी जिन्यावर उभा होतो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

"बाई, थांबा! वहीत सात नंबरच्या घराची नोंद राहिलीय."

खोटं नव्हतं. राहिलीच होती. पण ते घर वाटेवर नाही. तिकडे भूत नाही, औषध नाही, काहीच नाही. मी स्वतः तिथे दारातून डोकावून परत फिरलो होतो. मला फक्त एक दिवस हवा होता. रकाना कोरा आहे म्हटल्यावर बाई पुढे जाणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. पस्तीस वर्षं हजेरीपटात त्यांनी कोरा रकाना ठेवला नव्हता.

"राहिलीच की," त्या म्हणाल्या आणि मीटरवालीला मागे वळवलं.

धुक्यातून चालत चालत ती सात नंबरपाशी पोचली. दार उघडलं. चार खोल्यांचं साधं घर. बाहेरची खोली, माजघर, मग स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि बाई जागच्या जागी थबकल्या.

सगळ्या खेळात धुकं, राखाडी उजेड. इथे मात्र खिडकीतून तांबूस ऊन आत आलं होतं. बाईंनी मीटरवालीला खिडकीशी नेलं. बाहेर समुद्र होता, आणि सूर्य अर्धा पाण्यात बुडालेला.

"बँकवाले," बाईंचा आवाज बदलला होता. "या गावाचा समुद्र कुठे?"

"पूर्वेला."

"आणि हा मावळतोय कुठे?"

मी बघत राहिलो. ही चूक खेळणाऱ्या लोकांनी कधीच पकडली होती. सात नंबरच्या घरात सूर्य चुकीच्या बाजूला बुडतो, असं कुठेतरी वाचून मीसुद्धा हसलो होतो.

"उगवत असेल," मी उगाच म्हणालो.

"घड्याळ बघा भिंतीवरचं. पावणेसात. आणि टेबलावर उष्टी ताटं आहेत, काय पहाटे जेवतात?" बाई टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. "हे आमच्यातल्या कोणीतरी केलंन. इकडचा माणूसच असा सूर्य लावील. हे त्याने केलंन. माझ्या मुलाने केलंन हे घर."

मग त्यांनी ते स्वयंपाकघर तपासायला घेतलं. खिडकीच्या खाली चूल. चुलीच्या दक्षिणेला फळी. फळीखाली पत्र्याचं एक पिंप. त्याच्या झाकणाला एका कडेला पोचा होता. बाईंनी एकदा टीव्हीकडे पाहिलं आणि एकदा मागे, आपल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे त्यांचं मंडणगडच्या तांदळाचं पिंप होतं, आणि त्याच्या झाकणाला तसाच पोचा. रोज पाणी प्यायला जाताना मी तो बघत होतो.

त्यांनी बटण दाबलं. मीटरवालीने झाकण काढून आत हात घातला आणि तांदळातून एक वस्तू वर काढली. जुनाट कंट्रोलर. त्याखाली इंग्रजीत दोन ओळी आल्या. बाईंनी त्या वर्गात उतारा वाचावा तशा मोठ्याने वाचल्या आणि सवयीने मराठीत अर्थ सांगितला: कोणीतरी जपून ठेवलेला जुना रिमोट. तो कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि बाई सोफ्यावर बसल्या.

मी पाणी आणू का विचारलं, तर त्यांनी हाताने नको म्हटलं. "ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मेल्याला वर्षभर ठाऊक होतं." मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी बँकेत फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. मलाही रडू येत होतं, ते कशाला लपवू?

रविवार नव्हता, तरी बाईंनी मुलाला फोन लावला.

"काय गं आई? आज कसा फोन? बरी आहेस ना?"

"पिंपात सापडला."

"काय?"

"रिमोट. सात नंबरच्या घरात. झाकणाला पोचासुद्धा पाडलायस तसाच."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "कोणी दाखवलंन तुला?"

"कोणी कशाला दाखवील? मी खेळत्येय. डिसेंबरपासून."

"तू खेळत्येस? आई, तो अवघड आहे गं."

"होय तर. गोदामाशी दोन आठवडे काढले." बाईंनी पदराने नाक पुसलं. "दहावीला रोज काढत होतास काय तो?"

"रोज नाही. तू शाळेत गेलीस की."

"आणि परत पिंपात?"

"पुसून. होता तसाच."

"मग परीक्षा झाल्यावर मी दिला तेव्हा एवढा नाचलास कशाला?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

बाईंनी मागे वळून पिंपाकडे पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "सूर्य चुकलाय तुझा."

"माहीत आहे. सवयीने लावला गेला. नंतर कळलं, पण बदलावासा वाटला नाही."

"बदलू नकोस." आणि मग, एका दमात, "त्या गणपतीत मी जे बोलल्ये ना रे, ते चुकलं माझं. शून्य दिलंय मी मला. आणि यंदा पाटावरून मूर्ती आणायला माणूस नाय माझ्याकडे. बँकवाले आहेत, पण ते सांगलीचे, पाडतील."

मुलगा हसला. "येतो," म्हणाला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो आला. माझ्याच वयाचा, आईसारखाच एका जागी न ठरणारा. मूर्ती आणली, मखर बांधलं, मोदकांसाठी नारळ खोवताना बोट कापून घेतलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, पूजा आटोपल्यावर, बाईंनी कंट्रोलर हातात घेतला. जलकेंद्राचं दार त्यांनी तेवढ्यासाठी राखून ठेवलं होतं. आम्ही दोघे सोफ्यावर, बाई उभ्या. मुलाचे हात शिवशिवत होते, पण त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

तासाभराने मीटरवालीने वही दाराशी ठेवली आणि ती धुक्यात निघून गेली. नावं सुरू झाली. मी खाली मान घातली. बाई ती हजेरी घेतल्यासारखी पुटपुटत वाचत होत्या. शेवटी कंपनीची एक ओळ आली, गेली, आणि पडदा काळा झाला.

"आई, तू नाव शोधत होतीस काय?" मुलगा हळूच म्हणाला. "आमची नसतात गं. कंपनीचंच असतं फक्त."

बाई माझ्याकडे वळल्या. "बँकवाले, तुम्ही हे आधी बघितलं होतंत."

मी होकारार्थी मान हलवली.

"सांगितलं नाहीत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मी पुढे गेल्येच नसते."

नकाशा पूर्ण होऊन गणपतीच्या शेजारच्याच भिंतीवर लागला होता. बाईंनी लाल पेन घेतलं, भिंतीशी गेल्या आणि सात नंबरच्या चौकोनाशेजारी मुलाचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. मग समुद्राच्या बाजूला एक छोटा सूर्य काढला. मुलगा उठून पडवीत गेला. तो का गेला ते मला कळलं, म्हणून मी त्याच्या मागे गेलो नाही.

त्याच्याबरोबरच आत आले ते खालच्या आळीचे चुलत दीर, दर्शनाला. गणपतीला हात जोडले, प्रसाद घेतला, सोफ्यावर टेकले आणि मुलाकडे बघून म्हणाले, "आलास काय रे? बरं झालं. काय करतोस हल्ली? घरबीर बांधलंस की नाय कुठे?"

मुलाने जमिनीकडे पाहिलं. मी बाईंकडे.

"बांधलंन तर," बाई म्हणाल्या.

"हो? कुठे ओ वहिनी? आम्हाला कळवलंन पण नाय!"

बाईंनी भाऊजींना हात धरून उठवलं आणि नकाशापाशी नेलं. त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. बाईंनी सात नंबरच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हे बघा, इथे. चार खोल्या आहेत. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला. समुद्र दिसतो."